तरुणाची पहिली मोटार

तळवलीहून एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलें. त्यांचे चिरंजीव बावीस वर्षांचे असून ऐरोलीस एका कचेरींत नुकतेच नोकरीस लागले आहेत. स्वतःच्या बचतीचे आणि आजोबांनीं दिलेले मिळून चार लक्ष रुपये त्यांच्यापाशीं आहेत, व त्यांतून एक वापरलेली, पण चपळ आणि देखणी सलून मोटार घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. वडिलांचें म्हणणें असें कीं, घ्यावयाचीच तर लहानशी, गरीब स्वभावाची गाडी घ्यावी. नाहीं तर लोकल आहेच. ‘पंधरा दिवस झाले, पितापुत्र एका पंक्तीस बसतात, पण एकमेकांशीं बोलत नाहींत. आतां तुम्हीच सांगा, माघार कोणीं घ्यावी?’ असें त्या भगिनी विचारतात.

आमच्या मतें माघारीचा प्रश्न नंतरचा आहे. ही मोटार गरजेची नसून हौसेची आहे, ही गोष्ट प्रथम उभयतांनीं मोकळेपणानें मान्य करावी. रबाळें आणि ऐरोली यांमध्यें एकाच स्टेशनाचें अंतर. रोजच्या कामास लोकल पुरेशी आहे. हौस असणें हा कांहीं अपराध नव्हे. बाविसाव्या वर्षीं ज्यास कसलीच हौस नाहीं, त्याची आम्हांस अधिक काळजी वाटेल. परंतु हौसेला गरजेचें नांव दिलें कीं मनुष्य बाजारांत अधीर होऊन जातो, आणि दलालाला अधीर गिऱ्हाइकासारखें प्रिय दुसरें कांहीं नसतें. ज्याच्या दाराशीं लोकल आहे त्यास तीन महिने थांबतां येतें, दहा गाड्या पाहून नऊ सोडून देतां येतात. या तरुणाची खरी पुंजी हीच आहे.

आतां वडिलांच्या भीतीविषयीं. ती निराधार नाहीं. तळवलीच्या अंगावरून ठाणें-बेलापूर रस्ता जातो; औद्योगिक वसाहतींतील अवजड वाहनें त्यावरून रात्रंदिवस धांवतात. वाशीहून बेलापूरकडे जाणारा पाम बीच मार्ग रात्रीं मोकळा दिसतो आणि तरुणाच्या पायास मोह पाडतो. ताशीं ६० किलोमीटरांचा वेग ८० केला, तर तो तिसऱ्या हिश्शानेंच वाढला असें वाटतें. परंतु ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून तें पावणेदोनपटींहून थोडें अधिकच होतें. हें गणित शाळेंत सर्वजण शिकतात. रस्त्यावर तें फार थोड्यांस आठवतें.

इंग्लंडांत अशा तरुणास आवर घालण्याचें काम बऱ्याच अंशीं विमा कंपनीच करते. तेथें हप्ता चालकाचें वय आणि अनुभव पाहून ठरतो. कोवळ्या वयाच्या चालकास जोरदार गाडीचा हप्ता इतका जबर पडतो कीं तो आपण होऊन साध्या गाडीकडे वळतो. आपल्याकडील सक्तीचा तृतीय पक्षाचा विमा इंजिनाच्या आकारावरून ठरतो. २०२२ सालीं ठरविलेल्या दरांत १००० ते १५०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीस वर्षाला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनास ७,८९७ रुपये. मग चालक बाविशीचा असो कीं साठीचा. म्हणजे जो लगाम तेथें कंपनीच्या हातीं आहे, तो येथें घराला आपल्या हातीं घ्यावा लागतो. तेव्हां वडिलांनीं आपल्या अटी एकदांच कागदावर लिहून द्याव्या: पहिलें वर्षभर रात्रीं दहानंतर गाडी काढावयाची नाहीं, कोणाशीं शर्यत लावावयाची नाहीं, पुढच्या-मागच्या सर्वांनीं पट्टा बांधल्यावांचून चाक हलवावयाचें नाहीं. चिरंजीवांनीं खालीं सही करावी, आणि वडिलांनीं त्यानंतर रोजची टोचणी बंद ठेवावी.

चिरंजीवांना आम्ही एवढेंच विचारतों कीं, चपळ मोटार म्हणजे काय? अश्वशक्तीचा आंकडा हें तिचें एक अंग झालें. चपळाई अधिक करून स्टिअरिंग, ब्रेक, टायर आणि गियर यांत असते. सलून मोटार उंच गाड्यांच्या मानानें जमिनीलगत असल्यामुळें वळणावर कमी कलते. तिच्या हौशींत तथ्य आहे तें एवढ्यामुळें. परंतु टायर गुळगुळीत झालेली १२० अश्वशक्तीची गाडी पावसाळ्यांत कोणाचेंहि ऐकत नाहीं.

या दृष्टीनें बाजाराकडे पाहूं. होंडा सिटी आपल्याकडे १९९८ सालीं आली. २०१४ च्या आरंभीं निघालेल्या तिच्या चौथ्या पिढींत १४९७ घन सेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन असून शक्ति ११९ अश्वांची आहे. तें विम्याच्या खालच्या पायरींत अवघ्या तीन घन सेंटिमीटरांनीं बसतें, आणि तिची माहिती असलेला मिस्त्री नाक्यानाक्यावर मिळतो. दुसरी जोडी म्हणजे चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली फोक्सवॅगन व्हेंटो आणि तिची भावंड शोभणारी स्कोडा रॅपिड. यांचा बांधा घट्ट आणि वेगांतील स्थैर्य उत्तम. हातानें गियर बदलण्याचें १.६ लिटरचें पेट्रोल इंजिन १०५ अश्वशक्तीचें आहे, मात्र तें विम्याच्या वरच्या पायरींत जातें. व्हेंटोची १.२ लिटरची टर्बो प्रत तरुणांना विशेष भुरळ घालते. तिला सात वेगांची, कोरड्या दुहेरी क्लचची स्वयंचलित गियरपेटी आहे. मोकळ्या रस्त्यावर ती फार सुरेख चालते. पण मुंगीच्या गतीनें सरकणाऱ्या रहदारींत कोरडा क्लच तापतो, आणि पेटी बिघडली तर दुरुस्तीचा आंकडा लाखापुढें जाऊं शकतो. तिसरी फियाट लिनिया टी-जेट: रांजणगांवची, ११४ अश्वशक्तीची, स्टिअरिंगच्या गोडीबद्दल रसिकांच्या अद्याप लक्षांत असलेली, आणि आज स्वस्त. परंतु फियाटनें आपल्या नांवाच्या गाड्या येथें विकणें बंद केलें आहे. फोर्डनेंहि २०२१ सालीं येथील उत्पादन थांबविण्याचें जाहीर केलें. अशा गाडीचा एखादा सुटा भाग शोधण्यांत आठवडे जाऊं शकतात. ज्याच्या घरीं दुसरी गाडी आणि पदरीं जाणता मिस्त्री आहे त्यानें ती हौस करावी. नवशिक्याच्या बाबतींत ती चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होते.

तेव्हां आमचें पहिलें मत सिटीच्या हातीं गियरच्या पेट्रोल प्रतीस आणि दुसरें १.६ लिटरच्या व्हेंटो किंवा रॅपिडला. कोणतीहि घेतली तरी एक अट ढळूं देऊं नये: पुढें दोन एअरबॅग आणि ए. बी. एस. ब्रेक असलेच पाहिजेत. चालकापुढील एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या स्वस्त प्रतींत ती नसे. व्हेंटो जिच्यावरून घडविली त्या पोलो गाडीची ग्लोबल एनकॅप या संस्थेनें २०१४ सालीं टक्कर-परीक्षा घेतली, तेव्हां एअरबॅग नसलेल्या प्रतीस शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या प्रतीस चार. म्हणून नुसतें गाडीचें नांव न पाहतां प्रत्यक्ष ती प्रत कोणती हें पाहावें. वडिलांच्या काळजीचें निम्में उत्तर येथें आहे.

पैशांविषयीं सांगावयाचें तें असें कीं, चार लक्षांची गाडी घेऊं नये. सव्वातीन लक्षांची घ्यावी. राहिलेले ७५ हजार हे शिल्लक न समजतां गाडीच्या किंमतीचाच भाग समजावे. चार नवे टायर, ब्रेकचे पॅड, बॅटरी, इंजिनाचें तेल, विमा, नांवांतराचा खर्च, आणि बहुधा क्लच, यांना ते लागतील. सर्व रक्कम विकणाऱ्याच्या हातीं दिली, तर पहिल्या पावसाळ्यांत जुन्याच टायरांवर गाडी चालवावी लागते, आणि मग वडिलांचें म्हणणें खरें ठरतें.

गाडी दिवसाउजेडीं आणि इंजिन थंड असतांना पाहावी. सुरू केल्यावर निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळीत आहे असें समजावें. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील टायर. मैलदर्शक काट्यावर विश्वास न ठेवतां सेवेची नोंदवही आणि पावत्या मागाव्या. काटा चाळीस हजार सांगतो आणि पायाखालचें रबर झिजून गुळगुळीत झालें आहे, तर रबर खरें बोलतें. आमच्या भागांत आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाण्यांत बुडालेली गाडी म्हणजे काय हें सर्वांस कळलें. मोठ्या पावसानंतर अशा गाड्या धुऊनपुसून बाजारांत येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. चिखलाची रेघ तेथें हटकून राहते. सतरंजी उचलावी, सीटखालचे बोल्ट गंजले आहेत काय तें पाहावें, डिकींतील सुट्या चाकाच्या खळग्यांत हात घालावा. खाडीकांठच्या खाऱ्या हवेमुळें गाडीचें पोटहि उचलून पाहिलेलें बरें. शेवटीं आपल्या ओळखीच्या मिस्त्रीस पैसे देऊन तपासणी करवावी. विकणाऱ्याचा मिस्त्री कितीहि गोड असला तरी तो विकणाऱ्याचा.

कागदपत्रांत नोंदणीपुस्तकावरील चासी आणि इंजिन यांचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडून पाहावे. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा दाखला आणि नमुना ३५, नांवांतरासाठीं नमुना २९ व ३०, आणि थकलेल्या दंडांची चौकशी, एवढें झाल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तेव्हां २०१५ ची गाडी घेणारास २०३० सालीं नूतनीकरण करावें लागेल हें आजच लक्षांत असूं द्यावें. नांवांतर लांबणीवर टाकणें दोघांसहि घातक आहे. नोंदणी ज्याच्या नांवें आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. म्हणून सज्जन विकणारा स्वतःच नांवांतराची घाई करतो. जो ‘मागाहून पाहूं’ म्हणतो त्याच्यापासून दूर राहावें. विमाहि आपल्या नांवावर करून घ्यावा. जुन्या मालकाची दावा न केल्याबद्दलची सवलत त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाहीं; त्यामुळें हप्त्यांत थोडी वाढ होईल.

आतां त्या भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे येतों. चिरंजीवांनीं टर्बो सोडावी, वडिलांनीं सलून मान्य करावी. आणि गाड्या पाहावयास दोघांनीं बरोबर जावें, अशी आमची विनंती आहे. एकानें इंजिनाचा आवाज ऐकावा, दुसऱ्यानें पावत्या वाचाव्या. तरुणास जें दिसतें तें वडिलांस दिसत नाहीं, आणि वडिलांस जें दिसतें तें तरुणाला नको असतें. दहा गाड्या पाहावयास निदान पांच-सहा रविवार लागतील. इतके रविवार शेजारीं बसून प्रवास केल्यावर अबोला टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं. कोणती गाडी ठरली तें भगिनींनीं अवश्य कळवावें.