समई लखलखीत, ट्यूब काळवंडलेली

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. दिवाळी आली की इथे घरोघरी समया, निरांजनं चिंचेने घासून लख्ख होतात. त्याच देवघरावरच्या ट्यूबवर मात्र वर्षभराची धूळ तशीच! उजेड कमी वाटला की आपण जास्त वॅटचा दिवा आणतो; आहे तो पुसत नाही. बँकेत मी वर्षानुवर्षं दिव्यापंख्यांचा घसारा लिहिला, पण त्यांच्यावरून फडकं फिरलेलं क्वचितच पाहिलं.

आपल्या या धानाच्या मुलखात तर विचारूच नका. धान लोंबीवर असताना तुडतुडे दिव्यांवर झेपावतात आणि काचेच्या वाटीत त्यांचा थर साचतो. मग त्या अंधुक उजेडात नातवंडं डोळे ताणून वाचतात आणि आजी जिन्याची पायरी चाचपडते.

खरं तर काम दहा मिनिटांचं. मेन स्विच बंद करावा, दिवा निवू द्यावा, कोरडं सुती फडकं फिरवावं. काचेची वाटी काढून साबणाने धुवावी, पण पुरती वाळल्याशिवाय लावू नये. एलईडीला पाणी नको. मागच्या खाचांतली धूळ तेवढी झटकावी. उष्णता तिथूनच बाहेर पडते, ती अडली की दिव्याचं आयुष्य घटतं. जुनी ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडून मुलांना आधी बाहेर काढावं. तिच्यात पारा असतो.

आणि हे काम बाईच्याच वाट्याला का? पदर खोचून डगमगत्या स्टुलावर तीच चढते, आपण खालून ‘जपून गं’ म्हणतो. या रविवारी पुरुषांनी चढावं. बाईने फार तर स्टूल धरावं. तेही लाकडी, चारही पाय धड असलेलं.