बशी उलटून पाहा

नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे उतरताहेत. सागवानी खांबांना लगेच गिऱ्हाईक मिळतं. माळ्यावरची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलदाणी मात्र भंगारात जाते. म्हणून हा अंक हाताने रंगवलेल्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी.

हाती आलेली बशी आधी उलटून पाहा. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं, असा कायदा अमेरिकेने १८९० साली केला. त्यानंतर तिकडे जाणाऱ्या जपानी भांड्यांवर ‘निप्पॉन’ अशी मोहोर येऊ लागली. १९२१ पासून तिथे ‘जपान’ आलं. मोहोर नकलीही असते, तेव्हा भिंग घ्या. छापील फुलात बहुधा बारीक ठिपके दिसतात. कुंचल्याने काढलेल्या पाकळीत रंग एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ असतो. आणि सोनेरी काठाला घासणी लावू नका, कृपा करून!

भांडी हाताने रंगवण्याचं काम आपल्याकडेही झालं. मुंबईच्या कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात जॉर्ज टेरी यांनी अजिंठ्याची नक्षी भांड्यांवर आणली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती परंपरा जरूर बघा.

वाडा उतरवण्याआधी फोटो काढा, भांडं कुणी आणि कुठून आणलं ते आजीला विचारून लिहून घ्या. आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.