गोठ्याची तपासणी आणि दुधाचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या माथ्यावर व उतारांवर, विशेषतः भूम, वाशी, कळंब या तालुक्यांत, दुधाचा व्यवसाय जोडधंदा उरलेला नाही. पाऊस फसला की शेत काही देत नाही. मग घर चालते ते दोन-तीन गायी-म्हशींवर आणि दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगारावर. ज्या कुंथलगिरी खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही असल्याच गोठ्यांतून येणाऱ्या दुधाचा. त्या दुधाची तपासणी रोज सकाळ-संध्याकाळ होते. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ दशांशापर्यंत मोजून भाव ठरतो. ते दूध देणारी गाय कशी आहे, हे मात्र कोणी मोजत नाही.

असे मोजमाप अशक्य आहे असे नव्हे. पाळीव जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता व पाय ताणता आले पाहिजेत, असे ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने १९६५ सालीच म्हटले होते. २००९ मध्ये युरोपातील संशोधकांनी दुभत्या गायींसाठी सविस्तर पद्धत सिद्ध केली. तिचा भर गोठ्याच्या बांधकामावर नसून जनावरावर आहे. बरगड्या व माकडहाड किती वर आले आहे, गाय लंगडते काय, गुडघ्यांना सूज आहे काय, माणूस जवळ जाताच ती बुजते काय, पिण्याचे पाणी स्वच्छ व पुरेसे आहे काय, हे पाहावयाचे. यांतील बहुतेक गोष्टी अनुभवी गुराख्याला ठाऊक असतात. त्यांची नोंद कोणी ठेवत नाही एवढेच.

परंतु ही फूटपट्टी बालाघाटवर जशीच्या तशी लावली, तर नापास होईल तो अल्पभूधारक. आणि तसे होणे अन्यायाचे ठरेल. संकरित दुभत्या गायीला उन्हाळ्यात दिवसाला ऐंशी ते शंभर लिटर पाणी लागू शकते. ज्या गावात माणसांसाठीच टँकर येतो, तेथे हे पाणी घरची बाई डोक्यावरून आणते. (तिच्या श्रमाचा आकडा दुधाच्या उत्पादनखर्चात क्वचितच दिसतो.) तापलेल्या पत्र्याखाली बांधलेली गाय धापा टाकते, कमी खाते, दूध आटवते. तिला दिवसभर मोकळे सोडावे, तर पडीक रान आणि गायरान आक्रसलेले.

चाऱ्याचा प्रश्न याहून खोल आहे. खरिपातील ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन आले. सोयाबीनने रोख पैसा दिला, हे नाकारता येणार नाही. पण त्याचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. टंचाईत उसाचे वाढे विकत आणावे लागते. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यावर महिनोन्‌महिने ठेवलेली दुभती गाय आतून झिजते. २०१९ च्या दुष्काळात मराठवाड्यात चारा छावण्या उघडल्या आणि मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दर दिला गेला. छावण्यांनी जनावरे वाचवली, हे खरे. पण शासनाचा हिशेब डोकी मोजण्याचा होता, प्रकृतीचा नव्हता.

नको असलेल्या गोऱ्ह्याचे काय, हा अवघड प्रश्न २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर अधिक अवघड झाला. कायदा करणाऱ्यांनी त्याच्या वैरणीची जबाबदारी मात्र घेतली नाही. दूध पिऊ न देता उपाशी मरू दिलेले वासरू कोणत्याही करुणेत बसत नाही.

म्हणून तपासणी व्हावीच. मात्र तिचा निष्कर्ष शेतकऱ्यावर दंड म्हणून नव्हे, तर शासन आणि दूधसंघ यांच्यावर देणे म्हणून लागू व्हावा. गायीच्या दुधाचा भाव इतका पडतो की, २०२४ मध्ये लिटरमागे पाच रुपये अनुदान देण्याची पाळी आली. अशा भावात खुरांची निगा आणि कासदाहावरील वेळेवर उपचार बसत नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्यांतील रिक्त पदे भरावीत, संकलन केंद्राजवळ जनावरांसाठी पाण्याचा हौद असावा, कडब्याच्या ज्वारीला आधार मिळावा, आणि दूधसंघाने फॅटच्या नोंदीशेजारी गायीच्या प्रकृतीची नोंद ठेवावी. ती नोंद चैत्र-वैशाखात घ्यावी. दिवाळीच्या सुमारास, रानात हिरवे असताना, घेतलेल्या नोंदीत टंचाईचा मागमूसही दिसणार नाही.