वैरागडची खाण, सुरतचं यंत्र

अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाची नोंद केली आहे. नाव बाबजी, इतिहासकार त्याला बाबाजी बल्लाळशाह म्हणून ओळखतात. पदरी १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ. त्याच्या ताब्यातल्या बीरागडला हिऱ्याची खाण आहे, तिथे नक्षीचं कापड विणलं जातं, आणि हे ठिकाण त्याने दुसऱ्या जमीनदाराकडून नुकतंच हिसकावून घेतलं आहे, असंही अबुल फजल सांगतो. हे बीरागड म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरी तालुक्यातलं वैरागड.

बहमनी सुलतान अहमदशहाने कळंबची हिऱ्याची खाण जिंकल्याचं इतिहासकार फिरिश्त्याने लिहिलं आहे. कळंब यवतमाळ जिल्ह्यात, आणि तिथे हिरा सापडत नाही. म्हणून ती खाण वैरागडचीच असावी, असं काही अभ्यासक मानतात. ‘खाण’ म्हटल्यावर खोल भुयार डोळ्यांसमोर येतं, पण इथलं काम नदीनाल्यांच्या काठचं होतं. खडेरी माती उकरायची, धुवायची आणि नजरेने वेचायची. एकोणिसाव्या शतकात इंग्रज भूशास्त्रज्ञांनी या खाणींबद्दल लिहिलं तेव्हा त्या जुनी गोष्ट झाल्या होत्या. किल्ला उरला, खंदक उरला. ज्या दगडासाठी फौजा हलल्या तो गावात राहिला नाही.

आता वैरागडहून ब्रह्मपुरीला किंवा चंद्रपूरला लग्नाच्या खरेदीला गेलेल्या कुटुंबासमोर ‘डायमंड’ म्हणून काय काय येतं, ते पाहू. बहुतेक वेळा ते ‘एडी’ असतं, म्हणजे अमेरिकन डायमंड. हा खडा क्युबिक झिरकोनियाचा. दागिन्यांसाठी तो बनवायची रीत बसवली ती मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, १९७० च्या दशकात. झिरकोनिया सुमारे २,७०० अंश सेल्सिअसला वितळतो. एवढी उष्णता झेलेल असं भांडं आणायचं कुठून? त्यांनी भुकटीलाच भांडं केलं. बाहेरचा थर पाण्याने थंड ठेवायचा, आतली भुकटी रेडिओ लहरींनी वितळवायची, आणि मग सावकाश निवू द्यायची. त्यातून निघणारा खडा लखलखीत आणि स्वस्त. ज्या घराला हिरा परवडत नव्हता त्या घरातल्या मुलीच्या कानात या खड्याने उजेड आणला, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

फसवणूक होते ती खड्यामुळे नव्हे, न सांगितल्यामुळे. एक बारीक गोष्ट गिऱ्हाइकांना क्वचितच कळते. एडीचा खडा त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त जड असतो. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. खड्यांनी भरलेल्या हाराचं सगळं वजन सोन्याच्या भावाने लावलं, तर काही रुपयांच्या खड्यासाठी सोन्याचा दर मोजला जातो. हॉलमार्क इथे कामाला येत नाही. तो सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो. आत बसवलेला खडा काच आहे की हिरा, यावर तो काहीच बोलत नाही. पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्यांचं वेगळं आणि खड्याचं नाव स्पष्ट, हे मागून घेतलंच पाहिजे. मागताना संकोच नको.

मॉयसनाइटची गोष्ट आणखी वेगळी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी मॉयसन यांना अमेरिकेतल्या ॲरिझोनात पडलेल्या अशनीच्या तुकड्यात १८९३ मध्ये त्याचे सूक्ष्म स्फटिक दिसले. दागिन्यात दिसतो तो अर्थातच कारखान्यातला, सिलिकॉन कार्बाइडचा. हिरा उष्णता झपाट्याने वाहून नेतो, त्यावर सराफाकडचं साधं परीक्षण-यंत्र चालतं. एडी तिथे लगेच पकडला जातो. मॉयसनाइटही उष्णता चांगली वाहून नेतो, म्हणून तेच यंत्र त्याला हिरा ठरवू शकतं. भिंगातून तिरकं पाहिलं तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तशा दिसत नाहीत. झगमगाटात तर मॉयसनाइट हिऱ्याहून सरस. ज्यांना रंगीत ठिणग्या आवडतात त्यांनी तो मॉयसनाइट म्हणूनच, अभिमानाने घ्यावा.

माणकाबद्दलही एक सांगायला हवं. ऑग्युस्त व्हर्नय यांनी ज्वालेत माणिक घडवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यामुळे पणजीच्या पेटीतून आलेला दागिना जुना असला, तरी त्यातला लाल खडा खाणीतलाच असेल असं नाही.

आणि मग प्रयोगशाळेतला हिरा. हा नकली नाही. तोही कार्बन, तीच रचना, तोच कठीणपणा. एका पद्धतीत पन्नास-साठ हजार वातावरणांचा दाब आणि १,३०० अंशांच्या वरचं तापमान लागतं. सुरतमध्ये जास्त चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजन वायूंतून कार्बनचे थर चढवत नेतात. काही आठवड्यांत हिरा वाढतो. नुसत्या डोळ्याने किंवा साध्या भिंगाने खाणीतला कोणता आणि यंत्रातला कोणता हे भरवशाने सांगता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतली उपकरणं लागतात. फरक आहे तो भावात. डी बिअर्स या हिऱ्यांतल्या बड्या कंपनीने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ या नावाने असे हिरे कॅरटला ८०० डॉलरने आणले. भाव कोसळत गेले आणि २०२५ मध्ये तिने हा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. अडीअडचणीला मोडता येईल या भरवशावर हा हिरा घेऊ नये. त्यासाठी सोनंच बरं.

कोळसा दाबला की हिरा होतो, असं अनेकांना शाळेपासून वाटतं. तसं नाही. चंद्रपूरचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, पण तो झाडापाल्याचा. खाणीतले बहुतेक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने, जमिनीवर पहिली वनस्पती उगवण्याच्याही आधीचे, दीडशे किलोमीटरहून खोल घडलेले.

तरीही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा आजच्या हिऱ्याशी संबंध आहे, आणि तो जंगलातून जातो. मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यातल्या बक्सवाह्याच्या जंगलाखाली हिरे आहेत. तिथल्या खाणीसाठी दोन लाखांहून जास्त झाडं तोडावी लागतील हे कळल्यावर २०२१ मध्ये देशभरातून विरोध झाला. सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग आणि लाल धूळ पाहिलेल्या गडचिरोलीकरांना तो विरोध समजावून सांगावा लागत नाही. बोटातल्या अंगठीसाठी सागवान, मोह आणि तेंदू पडणार नसतील, तर यंत्रातल्या हिऱ्याचं या जिल्ह्यांनी मनापासून स्वागत करावं.

पण त्या यंत्राला अखंड वीज लागते, आणि देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज आजही कोळशावर निघते. ती निघते तिथे कसं जगावं लागतं हे २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकरांना विचारावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं प्रदूषण मोजलं, त्यात चंद्रपूर चौथं होतं. कोळशाच्या विजेवर वाढलेला हिरा झाडं वाचवतो आणि राख दुसऱ्या कुणाच्या अंगणात टाकतो.

जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना प्रयोगशाळेत घडवलेला साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला, तेव्हा तो घडवताना सौर आणि पवनऊर्जा वापरल्याचं सरकारने आवर्जून सांगितलं. म्हणजे हे शक्य आहे आणि सांगताही येतं. दुकानातल्या अर्ध्या कॅरटच्या हिऱ्यासोबत येणाऱ्या प्रमाणपत्रावर वजन, रंग, शुद्धता आणि पैलूंचा दर्जा छापलेला असतो. त्याखाली विजेची एक ओळ छापणं निर्मात्यांना अवघड नाही, आणि ती मागण्याचा पहिला हक्क चंद्रपूरच्या गिऱ्हाइकाचा आहे.