दया नको, संधी हवी
पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने हिरावली. तरीही पुणे विद्यापीठात गणित आणि मुंबई आयआयटीत संगणकशास्त्र शिकून १९९४ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. गणिती मजकूर ऐकविणारी संगणकप्रणाली हाच त्यांचा प्रबंधविषय होता. २००५ मध्ये ते गूगलमध्ये रुजू झाले.

आज पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ प्रणाली विनामूल्य मिळते. २०१६च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागाही राखल्या. पण खोडाळ्याच्या एखाद्या पाड्यावरील अंध मुलाला ही वाट दाखविणार कोण? वर्षातून एकदा फळे वाटून सेवा संपत नाही. त्याच्या हाताशी संगणक आणि शेजारी धीराने शिकविणारा कार्यकर्ता हवा. आपल्या बांधवाला स्वतःच्या पायावर उभे करणे, हीच खरी समाजपूजा!