अक्षरांचा शालू

लेकीच्या लग्नाची पत्रिका ठरवायला गेलो, तेव्हा छापखान्यातल्या मुलाने कॉम्प्युटरवर पाच-सहा फॉन्ट दाखवले. त्यातला एक बघताक्षणीच मनात भरला. बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक वळणं, वेलांट्यांना लांबलचक शेपट्या, ‘श्री’ तर असा की रांगोळीच काढलीय! “ताई, हा सध्या फार चालतो,” तो म्हणाला. मग काय, अख्खी पत्रिकाच त्या अक्षरात करून टाकली. नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, अगदी ‘आहेर आणू नये’सुद्धा. प्रूफ मीच पाहिलं, मीच ‘छान’ म्हणाले.

लग्नाच्या दिवशी माझी मावशी कार्यालयाच्या पायऱ्या चढली तेव्हा बारा वाजून गेले होते. पहिली पंगत बसली होती. मुहूर्त होता ९ वाजून ४१ मिनिटांचा. नऊच्या आकड्याने असा काही गिरका घेतला होता, की मावशीने तो एक वाचला. त्याआधीचं ‘सकाळी’ तिला लागलंच नव्हतं. मी नोकरीवर जायचे तेव्हा याच मावशीने माझ्या लेकीला सांभाळलं. तिच्या घरी आजारपण होतं, आदल्या दिवशी येणं जमणार नव्हतं. म्हणून बिचारी एसटीने एकटी निघाली, तीही वेळेच्या आधी पोचायच्या हिशेबाने. पिशवीत कागदाच्या पुडीत तिने स्वतः रंगवलेल्या अक्षता होत्या. “असू दे गं, जोडा तर पाह्यला,” म्हणाली. मला मात्र जेवण गेलं नाही.

तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक पत्रिका मी जरा निरखून बघते. आपली अक्षरं तशी नाजूक प्रकृतीची आहेत. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात मुख्य फरक तो डोक्यावरच्या रेघेचा. एकीकडे रेघ तुटते, दुसरीकडे अखंड जाते. फॉन्टमध्ये त्याच रेघेची लाट केली की ‘मोरे’ आणि ‘भोरे’ एकच! त्यात वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. प्रत्येकाला वेल-बुट्टी लावली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मोठ्या आकारात हे देखणं दिसतं, बारीक टाइपात नुसता गुंता.

मग नटवं अक्षर वापरूच नये का? छे! लग्नाची पत्रिका काय लाइटबिलासारखी काढायची? पण शालू नेसून कुणी पोळ्या लाटत नाही ना, तसंच हेही.

जर्मनीत गुड्रुन झाप्फ-फॉन हेस म्हणून एक बाई होऊन गेल्या. जन्म १९१८चा, गेल्या २०१९मध्ये. मूळच्या पुस्तकबांधणीच्या कारागीर. युद्धानंतर फ्रँकफुर्टमध्ये त्यांनी स्वतःची बांधणीची कार्यशाळा चालवली, मुलांना सुलेखन शिकवलं आणि छपाईसाठी अक्षरं घडवली. त्यांचे पती हेर्मान झाप्फ यांचं नाव जास्त गाजलं. त्यांचा १९९८चा ‘झाप्फिनो’ हा हस्ताक्षरासारखा नखरेल फॉन्ट जगभर वापरला गेला. (बाईंचं नाव त्या मानाने मागे राहिलं, हे आपल्याला काही नवीन नाही.) पण मला आवडते ती बाईंची ‘आरिआद्ने’. १९५०च्या दशकातली ही डौलदार अक्षरं फक्त सुरुवातीला वापरायची. पानाचं किंवा ओळीचं पहिलं अक्षर तेवढं झोकदार, बाकीचा मजकूर साध्या टाइपात. सगळा मजकूर नटवायची सोयच त्यात ठेवलेली नाही!

आपल्याकडचंही एक सांगते. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा हात सुंदर वळणाचा होता. पण विंडोजबरोबर घरोघर पोचलेला देवनागरी फॉन्ट त्यांनी केला, तो साधा, सरळ, कुणालाही वाचता येईल असा. त्याचं नाव ‘मंगल’.

धाकट्याच्या लग्नाला त्याच छापखान्यात गेले. गणपतीची ओळ आणि वधूवरांची नावं त्या नखरेल अक्षरात, ठसठशीत. तारीख, मुहूर्त आणि पत्ता साध्या ठळक टाइपात. मुलगा कुरकुरला, “ताई, मॅचिंग नाही वाटत.” मी म्हटलं, नसू दे. प्रूफ घेऊन आधी मावशीकडे गेले, चष्मा न लावता वाचायला सांगितलं. तिने मुहूर्त घडाघडा वाचला, पत्ताही वाचला. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “नवरीचं नाव तेवढं लागत नाही गं. काय आहे?”

नावही थोडं मोकळं करून घेतलं.