छापले म्हणून खरे काय?

गुप्त मंडळ्या, हेरखाती व कोर्टकचेऱ्या यांची आतली बिंगे फोडणारी पुस्तके बाजारात पुष्कळ येतात. ती वाचू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण रुपया घेताना वाजवून घ्यावा, तशी ती पारखून घ्यावीत. यहुदी धर्मातील वडीलधारे गुप्तपणे जगाचे राज्य बळकावू पाहतात, असा ‘प्रोटोकॉल्स’ नावाचा मजकूर १९०३ साली रशियातील एका वर्तमानपत्राने छापला. लंडनच्या ‘टाइम्स’चे बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज यांनी १९२१ साली दोन पुस्तके शेजारी ठेवून दाखविले की, हा मजकूर मोरीस जोली या फ्रेंच वकिलाच्या १८६४ सालच्या पुस्तकातून चोरलेला आहे, आणि जोलीची टीका तर फ्रान्सच्या बादशहावर होती! १९३५ साली बर्नच्या कोर्टानेही तो बनावट ठरविला. तरी हिटलरच्या पक्षाने त्याचा सर्रास प्रचार केला, आणि पुढे त्या द्वेषाच्या वणव्यात साठ लाख यहुदी मारले गेले.

बंधूंनो, एखाद्या जातीवर वा पंथावर आळ घेणारे पुस्तक हाती आले, तर लिहिणारा कोण, माहिती कोठली, पुरावा काय, हे आधी विचारा. भडकविणारा नामानिराळा राहतो. हात माखतात ते आपले.